हॉलमधला फ्रान्स

आमच्या निवांत सहलीचं वेळापत्रक चौदा पानांचं होतं. नवऱ्याने ते एक्सेलमध्ये केलं, प्रिंट काढल्या आणि पंच करून निळ्या फाइलीत लावलं. दक्षिण फ्रान्समध्ये गाडी भाड्याने घ्यायची आणि समुद्राच्या कडेकडेने रमतगमत स्पेनला पोचायचं. अकरा दिवस, कुठेही धावाधाव नाही, असं त्याचं म्हणणं. तिसऱ्या दिवसाच्या पानावर मला एक ओळ दिसली: '९.१० ते ९.४०, कॅफेत निवांत बसणे.' मी विचारलं, "अहो, नऊ एक्केचाळीसला मला आणखी निवांत बसावंसं वाटलं तर?" तो म्हणाला, "मग ते दुपारच्या निवांतातून वजा होईल." तो विनोद करत नव्हता.

तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करते. लिहिताना एकेरी आलाय, कारण पहिली दोन पानं मी रागात लिहिली होती आणि नंतर ते बदलायचा कंटाळा केला. तो वाचेल तेव्हा बघू.

आम्ही कर्वेनगरला राहतो, दोघंच. तो एका कारखान्याच्या टूलरूममधून, म्हणजे साचे आणि हत्यारं बनतात त्या विभागातून, निवृत्त झाला, मी कसबा पेठेतल्या एका शाळेतून. तिथे मी सत्तावीस वर्षं भूगोल शिकवला. भूगोलाच्या बाईला जग बघायची केवढी हौस असेल, असं लोकांना वाटतं. मला नकाशे आवडतात, बॅगा भरायच्या म्हटलं की डोकं फिरतं. हौस त्याची. वीसेक वर्षांपूर्वी कंपनीने त्याला एक मशीन तपासायला दक्षिण फ्रान्सला नऊ दिवस पाठवलं होतं. हॉटेल ते कारखाना, कारखाना ते हॉटेल. रोज वाटेत एक पाटी लागायची, त्यावर बाण आणि पुढे 'स्पेन'. रोज त्या पाटीशी गाडी दुसरीकडे वळायची. पाहुणे आले की आमच्याकडे चहापाठोपाठ ती पाटी यायचीच. निवृत्त झाला त्या आठवड्यात तो म्हणाला, "आता एकदा त्या पाटीशी सरळ जायचं." गाडी तो चालवणार हे सांगायची गरजच नव्हती. दुसऱ्या कुणी गाडीतून नेलं तर त्याच्या लेखी तो प्रवास नव्हे, ती डिलिव्हरी.

गाडी तो उत्तम चालवायचा, हे मान्य करायला हवं. पस्तीस वर्षांत कुणाला धक्का नाही. अलीकडे डाव्या दारावर दोन ओरखडे आले होते, पण ते आम्ही सोसायटीच्या पार्किंगमधल्या शेजाऱ्याच्या खात्यावर टाकले आणि त्याच्याशी बोलणंही कमी केलं. बिचारा अजून विचारतो, काही चुकलं का.

मी आयुष्यभर स्कूटरवाली. तशी गाडी मीही शिकले होते, लायसन्सवर स्कूटर आणि गाडी दोन्ही आहेत. लग्नानंतर काही वर्षांनी एकदा मी चालवत होते, हा शेजारी आणि मागे त्याचे दोन सहकारी. नळ स्टॉपच्या सिग्नलला हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हिला अंतराचा अंदाज नाही." मी गाडी तिथेच बंद केली, किल्ली त्याच्या मांडीवर ठेवली आणि रिक्षाने घरी आले. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. माझा राग असा आहे, त्याला इलाज नाही.

निवृत्तीनंतर मात्र नवरा बदलला. कुठेही निघाला तरी मला बरोबर घ्यायचा. रविवारी सकाळी मार्केट यार्डला भाजी आणायला, बँकेत, पिठाच्या गिरणीत, अगदी गाडीत हवा भरायला जायचं तरी, "चल गं, एकट्याने कंटाळा येतो." ज्या माणसाने नोकरीभर मला 'येतेस का' म्हणून विचारलं नाही, त्याचं हे नवं रूप मला फारच आवडलं. मैत्रिणींना मी तक्रारीच्या सुरात सांगायचे, "माझ्याशिवाय ह्यांचं पान हलत नाही हो." ती तक्रार नव्हती हे त्यांनाही कळायचं. गाडीत मी डावीकडे बसून माझं काम करायचे. डावीकडून स्कूटर येतेय. रिक्षा घुसतेय, थांबा. पूर्वी तो फटकन म्हणायचा, "दिसतंय मला." गेली दोन वर्षं म्हणेनासा झाला होता. मला वाटलं, वयाने माणूस निवळला.

व्हिसाच्या कामाला लागलो, तिकिटं काढली, आणि मग त्याने जाहीर केलं की ट्रायल घ्यावी लागेल. टूलरूमच्या माणसाचा हा धर्मच. ट्रायल घेतल्याशिवाय कुठलाही जॉब, म्हणजे घडवलेला भाग, पुढे पाठवायचा नाही. फ्रान्समध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि चालवणारा डावीकडे बसतो. तशी गाडी पुण्यात कुठून आणायची? म्हणून त्याने हॉलमध्ये जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या शेजारीशेजारी मांडल्या. डावीकडच्या खुर्चीवर तो, उजवीकडच्या खुर्चीवर मी. स्टिअरिंग म्हणून स्टीलचं ताट. गिअर तिकडे उजव्या हाताला येतो, म्हणून मधल्या स्टुलावर तांदळाने भरलेली बरणी आणि तिच्यात खोचलेलं लाटणं. मी हसून हसून बेजार झाले. तो गंभीरपणे क्लच दाबत होता.

खरी भानगड चौकांची होती. तिकडे बऱ्याच चौकांत सिग्नल नसतो, गोल असतो. गोलात आधीच शिरलेल्या गाडीला जाऊ द्यायचं आणि मग आपण शिरायचं. ती गाडी नेहमी डावीकडून येते. शाळेतले उरलेले खडू घरात होतेच. मी फरशीवर मोठा गोल काढून दिला. तो म्हणाला, "आता तू डावीकडून येणारी गाडी हो."

मी कुकरचं झाकण हातात घेऊन, स्वयंपाकघराच्या दारातून, त्याच्या डावीकडून निघाले. त्याने समोर पाहिलं, मान जराशी वळवली, लाटणं पुढे ढकललं आणि म्हणाला, "निघालो." मी त्याच्या कोपरापाशी होते. मी म्हटलं, "अहो, मेले की मी." तो म्हणाला, "फार हळू येतेस, परत ये." परत आले. परत तेच. तिसऱ्यांदा मी आले आणि त्याच्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर येऊन उभी राहिले. काही बोलले नाही. तो ताट धरून वाट बघत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "ये ना. थांबलीस का?"

मी दोन पावलं पुढे झाले. "हां, आता आलीस," तो म्हणाला, आणि मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी झाकण ओट्यावर ठेवून आले आणि म्हटलं, पुरे आता, भाजी करपेल. भाजी झाली होती. त्यालाही ते माहीत होतं.

दोन दिवस मी मनातल्या मनात जुळवाजुळव करत राहिले. डाव्या दारावरचे ओरखडे. वर्षापूर्वी पाठदुखीचं कारण सांगून अचानक विकून टाकलेली त्याची स्कूटर. पायऱ्या उतरताना भिंतीकडची बाजू धरणं. आणि मी. इतके दिवस मी त्याच्या डावीकडे बसून बोलत होते म्हणून आम्ही धड घरी येत होतो. फ्रान्समध्ये माझी खुर्ची उजवीकडे जाणार होती. तिथे डावीकडे कुणीच नव्हतं.

विचारायचं धाडस होईना. खरं सांगायचं तर मला तो नाही म्हणेल ह्याची भीती नव्हती, हो म्हणेल ह्याची होती. म्हणून मी एक वाईट गोष्ट केली. रविवारी मार्केट यार्डला निघालो तेव्हा ठरवून गप्प बसले. एकदाही 'डावीकडून' म्हणायचं नाही, बघू काय होतं. सिंहगड रस्ता निभला. स्वारगेटचा चौकही निभला. यार्डाच्या फाटकाशी गाडी अगदी हळू झाली होती, तेवढ्यात डावीकडून एक माणूस सायकलला झेंडूची पोती बांधून सरळ आमच्यापुढे आला. मला तो चांगला लांबून दिसत होता. मी दातावर दात दाबून बसले होते, आणि नवरा गाडी तशीच पुढे घेत होता. शेवटी मी किंचाळले. ब्रेक लागला. सायकलचं पुढचं चाक आमच्या बंपरला लागून थांबलं.

"काका, दिसत न्हाई का?" तो माणूस म्हणाला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याने खरोखरच विचारलं होतं.

नवऱ्याने गाडी कडेला घेतली, बंद केली. एका माणसाचा पाय मोडला असता, आणि तो माझ्या परीक्षेपायी. मी विचारलं, "कधीपासून?"

"दीड-दोन वर्षं."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"चष्म्याच्या दुकानातल्याने सांगितलं होतं, दाखवा म्हणून." तो समोर बघत बोलत होता. "दाखवलं असतं तर त्यांनी गाडी बंद करायला लावली असती. म्हटलं, एकदा तेवढी ट्रिप होऊ दे."

"म्हणजे मला रोज बरोबर नेत होतात, ते ह्याच्यासाठी?"

त्याने स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसली. बाहेर हमाल पोती उतरवत होते, कुणीतरी मागून हॉर्न वाजवत होतं. मग म्हणाला, "सुरुवातीला, हो."

मला रडू आलं, आणि त्याच वेळी त्याला एक लगावून द्यावीशी वाटली. दोन वर्षं मी मैत्रिणींमध्ये मिरवत होते आणि इकडे माझी नेमणूक आरशाच्या जागी झाली होती. भाजी न घेताच आम्ही परतलो. वाटेत मी प्रत्येक गोष्ट मोठ्याने सांगितली. डावीकडून बस येतेय. डावीकडे खड्डा. डावीकडे मी बसलेय, तेही दिसत नसेल तर सांगून ठेवते. तो मुकाट्याने ऐकत गाडी चालवत होता. घरी आल्यावर त्याने किल्ली खुंटीला न अडकवता माझ्यापुढे ठेवली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि वेळेच्या पक्क्या. तपासणी सोपी होती. एका डोळ्यावर पट्टी, समोर पांढऱ्या परातीसारखं यंत्र, त्यात कुठेही बारीक दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी पडद्याबाहेर बसले होते. मला आत दिसत नव्हतं, पण बटणाचा आवाज ऐकू येत होता. उजव्या डोळ्याच्या वेळी टिक, टिक, टिक, मध्ये थोडं थांबून पुन्हा टिक. मग पट्टी बदलली. डाव्या डोळ्याच्या वेळी एकदा टिक झालं आणि नंतर काहीच झालं नाही. मला वाटलं, मशीन बंद पडलं. मी देवाला मानणारी बाई नाही, पण त्या स्टुलावर बसून मी पुटपुटत होते, दाब रे, दाब एकदा.

काचबिंदू. डावा बराच गेलेला, उजव्यालाही सुरुवात. गेलेलं परत येणार नाही, आहे ते थेंबांनी टिकवायचं, रोज, वेळ न चुकवता. "आणि काका, गाडी आता आपण चालवायची नाही," त्या म्हणाल्या. नवऱ्याने चाचरत विचारलं की परदेशात रस्ते मोकळे असतात, तिथे दहा-अकरा दिवस जमणार नाही का. त्या म्हणाल्या, "रस्ता बदलेल काका, डोळा हाच राहील ना?" त्याने मान हलवली. दीड वर्ष आधी आला असतात तर, असं त्या म्हणाल्या नाहीत. ते मी रिक्षात म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं. आता म्हणत नाही.

पुढचे काही आठवडे फार वाईट गेले. निळी फाइल कपाटात गेली. तो घड्याळ लावून थेंब घालायचा, पेपर वाचायचा, आणि दुपारी डोळे उघडे ठेवून आडवा पडून राहायचा. मी म्हटलं, आपण रेल्वेने जाऊ, तिकडे रेल्वे चांगली आहे. "नको. तिकिटं रद्द कर." मी म्हटलं, ड्रायव्हर घेऊ. त्याने पेपर तोंडापुढे धरला. तो चिडला असता, आरडाओरडा केला असता तर मी समजू शकले असते. पण तो नुसता गुळमुळीत झाला होता. आमटीत मीठ नव्हतं तरी बोलला नाही. पस्तीस वर्षांत हे कधी घडलं नव्हतं. मला इतकी भीती वाटली की राग आला, आणि रागाच्या भरात मी म्हणाले, "मी चालवते."

त्याने पेपर खाली केला. "तुला अंत..." एवढं तोंडातून गेलं आणि त्याने पुढचं गिळलं. ते गिळताना त्याला किती कष्ट पडले ते मला स्पष्ट दिसलं.

दुसऱ्या दिवशी मी कर्वेनगरमधल्याच एका मोटार ट्रेनिंगला नाव घातलं. बासष्टाव्या वर्षी. शिकवायला एक बाई होती, माझी विद्यार्थिनी शोभेल अशा वयाची. पहिल्याच दिवशी तिने मला सुनावलं, "मॅडम, ही स्कूटर नाहीये. गॅप दिसली की घुसायचं नाही." माझ्या नाकी नऊ आले. चढावर गाडी मागे यायची आणि मागचे लोक हॉर्न वाजवून माझा उद्धार करायचे. घरी येऊन मी कुणाला काही सांगत नसे. तोही विचारत नसे, पण मी आले की चहा तयार असायचा, आणि त्याने केलेला चहा म्हणजे नुसतं गरम पाणी, तरी मी प्यायचे.

महिन्याभराने आमची गाडी बाहेर काढली. अट एकच, तो गप्प बसेल. तो डावीकडच्या सीटवर बसला, हात गुडघ्यांवर, आणि प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. वारज्यापर्यंत तो एक शब्द बोलला नाही. पुढे पुलाखाली मी एका टेम्पोला नीट जागा देऊन बाहेर पडले तेव्हा म्हणाला, "बरं चालवतेस." मी म्हटलं, "गप्प बसायचं ठरलंय."

हॉलमध्येही पुन्हा खुर्च्या मांडल्या. आता तो झाकण घेऊन डावीकडून यायचा, फार मनापासून यायचा, आणि मी ब्रेक मारला की "शाब्बास" म्हणायचा. मी मात्र दर वेळी मान पूर्ण वळवून त्याच्याकडे बघायचे, उगीच जरा जास्त वेळ.

एके सकाळी मी सरावाला एकटीच निघाले होते, तर हा बूट घालून दारात उभा. मी म्हटलं, "तुमचा आता काय उपयोग?" असं बोलायला नको होतं, पण बोलून गेले. तो म्हणाला, "काही नाही. घरी तरी काय करू तुझ्याशिवाय?" आणि चपळाईने लिफ्टमध्ये शिरला. खाली पोचेपर्यंत मला मार्केट यार्डातलं त्याचं वाक्य आठवत राहिलं. 'सुरुवातीला, हो.' त्या दिवशी मला त्यातलं फक्त 'हो' ऐकू आलं होतं. इतकी वर्षं मुलांना सांगत आले की प्रश्न नीट वाचा, आणि मी स्वतः उत्तर नीट ऐकलं नव्हतं.

मग फाइल कपाटातून बाहेर आली. तिकिटं मी रद्द केलीच नव्हती. चौदा पानांची मी तीन केली. सहा गावांतली तीन काढून टाकली. 'निवांत बसणे' ह्या सगळ्या ओळी खोडल्या आणि समासात लिहिलं, मी दमले की थांबायचं. तो वाचून म्हणाला, "ह्यात वेळ कुठे लिहिलीये?" मी म्हटलं, "तेच तर." दुपारी तिकडची दुकानं बंद असतात, तेव्हा गाडी सावलीत लावून झोपायचं, एवढ्या एका मुद्द्यावर आमचं दोघांचं एकमत झालं.

गाडी भाड्याने घ्यायचा फॉर्म भरायचा राहिला होता. परवा सकाळी टेबलाशी बसलो, तो लॅपटॉपपुढे, मी शेजारी कागद घेऊन. इंग्रजी फॉर्म तोच भरतो, मला त्या चौकटींचा वैताग येतो. मुख्य चालक, असं विचारलं होतं. त्याने माझं नाव पासपोर्टात आहे तसं, एकेक अक्षर पडताळून टाइप केलं. माझा लायसन्स नंबर मी वाचून दाखवला. वय टाकलं. मग खाली दुसरा रकाना आला. दुसरा चालक असल्यास त्याचं नाव.

त्याचे हात थांबले. त्याचं लायसन्स अजून दोन वर्षं चालू आहे. कागदावर त्याला कुणी अडवणार नव्हतं. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी म्हटलं, "घाला ना तुमचं नाव. असू दे नुसतं. तुम्ही थोडेच चालवणार आहात?"

त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "नको," तो म्हणाला. "नाव असलं की कुठेतरी मोकळ्या रस्त्यावर मी तुझ्याकडे किल्ली मागेन. आणि तू देशील."

त्याने रकाना रिकामा ठेवून पुढचं बटण दाबलं. मग उठला आणि खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. मी त्याला हाक मारली नाही. लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि उरलेला फॉर्म भरला.